‘गाडा बाहेर ठेव’ : चालण्याची साधनं आणि प्रवेशाचा हक्क



आजचा विषय कळल्यावर एका स्नेह्यांनी आम्हाला विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाला चाकं, रॅम्प आणि मोटार वाहन कायदा यांच्याशी काय करायचं आहे? उत्तर लांबलचक आहे, आणि तेच आज द्यायचं आहे. आधी शब्दाचं सांगून टाकतो. २०१६ च्या कायद्याच्या अधिकृत मराठी नावात ‘दिव्यांग’ आहे, आपल्या राज्याच्या खात्याच्या पाटीवरही तेच आहे. आम्ही कायद्याचं नाव घेताना तो शब्द घेऊ, एरवी ‘अपंग’ म्हणू. दिव्यत्व दिलं म्हणजे दोन पायऱ्या कमी करायची जबाबदारी टळते, असं कोणाला वाटू नये म्हणून.

अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या बसस्थानकावर अर्धा तास उभे राहा आणि अपंग माणसं कशावर बसून येतात ते पाहा. व्हीलचेअर क्वचित दिसेल, आणि दिसलीच तर ती बहुधा दवाखान्यातून सुटलेल्या पेशंटची असेल. रोजची माणसं येतात हातानं पेडल मारायच्या तीनचाकी सायकलीवर. कोणी मागे दोन जादा चाकं बसवलेल्या स्कूटीवर. कोणाजवळ एकच कुबडी आणि पुतण्याचा खांदा. एखादा बॉल बेअरिंगच्या चार चाकांवर ठोकलेल्या फळीवर, आणि एखादा हातापायांना टायरचे तुकडे बांधून सरपटत.

आता आपल्याकडच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक सूत्रांत काय मोजलं आहे ते बघा. दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर. उतार एकास बारा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबीचा रॅम्प. वळायला १५०० मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ. ही मापं कोणाची? व्हीलचेअरची. मापं चुकीची नाहीत, त्यांच्यामागे अनेक देशांतला अनुभव आहे. पण तीनचाकी पाच-सहा फूट लांब असते, जागेवर वळत नाही, आणि मागे घ्यायला बहुतेक वेळा दुसऱ्याचा हात लागतो. त्या वर्तुळात ती अडकते. म्हणजे आपल्या इमारती ज्या साधनासाठी मोजल्या जातात, ते वऱ्हाडच्या रस्त्यावर विरळ. आणि रस्त्यावर जे सर्रास दिसतं, ते इमारतीच्या दाराशी ‘चमत्कारिक वाहन’ ठरतं. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी अपंग मोजले गेले, त्यांपैकी सुमारे ५४ लाख चालण्या-हलण्याच्या अपंगत्वाचे. यांतल्या बहुतेकांनी साधन निवडलं ते मार्गदर्शक सूत्रं वाचून निवडलेलं नाही. शिबिरात मिळालं ते घेतलं, नाहीतर वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलं.

इथे आम्हाला आमची स्वतःची एक गोष्ट सांगावी लागेल. सांगायला संकोच वाटतो.

१९८० च्या दशकाच्या मध्यावर आम्ही वऱ्हाडातल्या एका कॉलेजात शिकवत होतो. बी.ए.च्या वर्गात एक मुलगा होता, पोलिओनं दोन्ही पाय गेलेला. गावाहून तीनचाकीवर यायचा, ती कडुनिंबाखाली लावायचा, आणि तिच्या मागच्या पेटीतून एक फळी काढायचा. पाटाएवढी फळी, खाली चार बेअरिंग. दोन्ही हातांत लाकडाचे ठोकळे घेऊन तो जमिनीला रेटा द्यायचा आणि व्हरांड्यातून सरळ ग्रंथालयात. तत्त्वज्ञानाचा वर्ग मात्र वरच्या मजल्यावर. तिथे त्याला दोन मित्र उचलून न्यायचे. आम्ही त्या वर्गात सांख्यदर्शन शिकवत होतो.

सांख्यकारिकेत पांगळ्या-आंधळ्याचा दृष्टान्त आहे, तो आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. भाष्यकार त्याची गोष्ट करून सांगतात: रानात चोरांनी तांडा लुटला, एक आंधळा आणि एक पांगळा मागे राहिले. आंधळ्यानं पांगळ्याला खांद्यावर घेतलं, पांगळ्यानं वाट दाखवली, दोघंही मुक्कामी पोचले आणि वेगळे झाले. प्रकृती-पुरुषाचा संयोग असा असतो. हे आम्ही मोठ्या रसाळपणे सांगत असू, आणि समोर तो मुलगा बसलेला. स्नेहसंमेलनाच्या भाषणात आम्ही त्या दोन मित्रांचं कौतुकही केलं, टाळ्याही पडल्या. वर्ग खाली आणावा, हे आम्हाला दोन वर्षांत एकदाही सुचलं नाही. खालच्या मजल्यावर दोन खोल्या दुपारी रिकाम्या असत.

पुढे फळीची तक्रार झाली. शहाबादी फरशीवर बेअरिंगचा आवाज होतो, शेजारच्या वर्गाला त्रास होतो, फरशीवर ओरखडे उठतात. शिपायाला सांगितलं गेलं, आणि त्यानं त्या मुलाला सांगितलं, “गाडा बाहेर ठेव बाप्पा, साहेब बोलतात.” बैठक झाली. त्या बैठकीत आम्हीच सुचवलं की त्याला ग्रंथालयातही कोणीतरी उचलून नेत जावं. सगळ्यांना पटलं. प्रश्न मिटला असं समजून आम्ही चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी तो तीनचाकीवरच बसून होता. आम्ही विचारलं, काय झालं? तो म्हणाला, “सर, हे मले वर नेतात. मी वर जात नाई जी.”

आमच्या दृष्टान्तातल्या पांगळ्याला वाटेची निवड होती. खांद्यावर बसला तरी डावीकडे की उजवीकडे हे तोच ठरवत होता, आणि आंधळ्यालाही त्याची गरज होती. दोघांत देवघेव होती. या मुलाला आम्ही फक्त नेण्याची वस्तू केलं होतं, आणि जी एक वाट तो आपल्या बळावर जात होता, नेमकी तीच बंद केली होती. त्या वर्षाची परीक्षा त्यानं दिली. एम.ए.ला तो आमच्याकडे आला नाही.

आणि आवाजाचं काय? बेअरिंगवर सायकलच्या ट्यूबची पट्टी चढवली असती तर आवाजही गेला असता आणि ओरखडेही. तेव्हाच्या भावानं एक-दोन रुपयांचं काम. त्या बैठकीत पाच पदव्युत्तर माणसं बसली होती, त्यांतल्या एकाच्याही डोक्यात ट्यूब आली नाही. कारण प्रश्नच ‘हा गाडा आत चालेल का?’ असा मांडला होता. ‘याला ग्रंथालयात स्वतः कसं जाता येईल?’ असा मांडला असता तर ट्यूब आपोआप आली असती.

तेव्हा देशात अपंगांच्या हक्कांचा कायदाच नव्हता. पहिला आला १९९५ मध्ये, आणि त्यातही रस्ते-इमारतींच्या सोयींना ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ अशी पळवाट ठेवलेली होती. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार डिसेंबर २००६ मध्ये झाला, भारतानं १ ऑक्टोबर २००७ ला त्याला अनुमोदन दिलं. त्याचा विसावा अनुच्छेद व्यक्तिगत हालचालींविषयी आहे. त्यातली एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. माणसाला आपल्या पसंतीच्या रीतीनं, आपल्या पसंतीच्या वेळी आणि परवडेल अशा खर्चात हिंडता आलं पाहिजे, असं तो सांगतो. ‘पसंतीच्या रीतीनं’. उचलून नेणं ही रीत झाली, पण ती त्या मुलाची पसंती नव्हती.

त्यातून आपला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आला, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या ४१ व्या कलमात व्यक्तिगत हालचालींना उत्तेजन देण्याच्या योजना, त्यासाठी सवलती आणि वाहनांत फेरफार यांचा उल्लेख आहे. पण या कायद्याचा खरा कणा दुसऱ्या कलमातल्या व्याख्यांत आहे. तिथे ‘वाजवी सोय’ अशी कल्पना येते: विशिष्ट प्रकरणात, दुसऱ्यावर अवाजवी बोजा न टाकता केलेला आवश्यक आणि योग्य तो बदल. आणि अशी सोय नाकारणं हाही भेदभाव, असं त्याच कलमातली भेदभावाची व्याख्या सांगते. यातले ‘विशिष्ट प्रकरणात’ हे शब्द वाचताना घाईत सुटून जातात. मार्गदर्शक सूत्रं सगळ्यांसाठी एक माप देतात, ते हवंच. वाजवी सोय ही त्या मापात न बसणाऱ्या एका माणसासाठी असते.

ॲरिस्टॉटलनं नीतिशास्त्राच्या पाचव्या भागात एक उपमा दिली आहे. लेस्बॉस बेटावरचे गवंडी शिशाची पट्टी वापरत. लोखंडी पट्टी दगडावर ठेवली की दगडच वाकडा ठरतो, शिशाची पट्टी दगडाच्या आकारानं वळते आणि त्याचं माप घेते. सर्वसाधारण नियम जिथे तोकडा पडतो तिथे न्याय असा असावा, असं त्याचं म्हणणं. आपल्या भाषेत, गवंड्याजवळ ओळंबा पाहिजे आणि शिंप्याजवळ टेप. ओळंब्यानं कपडे शिवता येत नाहीत. मात्र ॲरिस्टॉटलची पट्टी धरणारा शहाणा न्यायाधीश असतो, दगडाला कोणी विचारत नाही. आमच्या मते इथे ती उपमा अपुरी पडते. माणसाला विचारावं लागतं. २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध लोकसेवा आयोग या निकालात सर्वोच्च न्यायालयानं वाजवी सोय ही त्या व्यक्तीच्या गरजेप्रमाणे ठरते हे विस्तारानं मांडलं. तो खटला परीक्षेत लेखनिक मिळण्याचा होता, पण तत्त्व तेच.

आता मोटार वाहन कायद्याकडे वळू, कारण इथे वऱ्हाडातल्या गल्लीतली गोष्ट अगदी उघडी पडते. १९८८ च्या कायद्यात अपंगांच्या वाहनाची एक व्याख्या होती. वाहन त्यांच्यासाठी खास आखलेलं आणि बांधलेलं असलं पाहिजे, ‘केवळ फेरफार केलेलं नव्हे’, असं तिच्यात स्पष्ट म्हटलं होतं. गंमत बघा. कारखान्यात अपंगांसाठी मुद्दाम बांधलेली गाडी तालुक्याच्या माणसानं कुठून आणायची? तो जुनी लुना किंवा स्कूटी घेतो, मिस्त्रीकडे नेतो आणि मागे दोन चाकं जोडून घेतो. म्हणजे जी गाडी प्रत्यक्षात धावत होती, तीच त्या व्याख्येत बसत नव्हती. २०१९ च्या दुरुस्तीनं ती व्याख्या गेली आणि ‘अनुकूलित वाहन’ आलं. खास बांधलेलं किंवा कायद्यातल्या रीतीनं फेरफार केलेलं, दोन्ही त्यात येतात. एकतीस वर्षांनी कायदा मिस्त्रीच्या दुकानात पोचला म्हणायचा. अर्थात ‘फक्त त्याच व्यक्तीच्या वापरासाठी’ ही अट कायम आहे. घरात एकच गाडी असलेल्या माणसाच्या बायकोनं दळण कशावर आणावं, हा प्रश्न संसदेपुढे आला नसावा.

बॅटरीवर चालणाऱ्या लहान साधनांचं वेगळं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे पाव किलोवॉटपेक्षा, म्हणजे अडीचशे वॉटपेक्षा, कमी शक्तीचं आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणारं बॅटरीचं वाहन हे मोटार वाहन धरलं जात नाही. मग ते काय आहे? सायकल? खेळणं? की पाय? दारावरचा रखवालदार त्याला ‘गाडी’ म्हणतो आणि पार्किंगकडे बोट दाखवतो. नियमानं ते वाहन नाही, रखवालदारासाठी ते वाहन आहे, आणि वर बसलेल्यासाठी ते त्याचे पाय आहेत. पाय पार्किंगमध्ये ठेवून आत कसं जायचं?

याच प्रश्नावर अमेरिकेत मोठा खल झाला. सेगवे नावाचं दोन चाकी, उभं राहून चालवायचं विजेचं साधन निघालं. काही अपंगांना बसून उठणं कठीण, पण उभं राहणं जमत होतं, त्यांना ते सोयीचं वाटलं. एका बाईंनी डिस्नेच्या उद्यानात ते आणू द्या म्हटलं, डिस्नेचं म्हणणं पडलं की व्हीलचेअर किंवा बैठी स्कूटर वापरा. २०१२ मध्ये तिथल्या नवव्या विभागाच्या अपील न्यायालयानं डिस्नेचा हा युक्तिवाद फेटाळला. दुसऱ्या कशानं तरी आत जाता येतं, एवढ्यावर विषय संपत असेल, तर अपंग माणूस पायऱ्यांवरून सरपटतही कोर्टात जाऊ शकतोच की, असा न्यायालयाचा रोख होता. ते उदाहरण कल्पनेतलं नाही. टेनेसी राज्यात लेन नावाच्या गृहस्थांना लिफ्ट नसलेल्या कोर्टात सुनावणीसाठी दोन जिने सरपटत चढावे लागले. पुढच्या तारखेला त्यांनी सरपटायलाही नकार दिला आणि उचलून न्यायलाही, तर गैरहजेरीसाठी त्यांना अटक झाली. ते प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, २००४ मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला. आम्ही हे वाचलं तेव्हा आमचा कडुनिंबाखालचा मुलगा आठवला. त्याला अटक झाली नव्हती एवढंच.

सेगवे सगळीकडे सोडावंच असं तिथेही नाही. मार्च २०११ पासून लागू असलेल्या तिथल्या नियमांत अशा साधनांना परवानगी हा पाया आहे, आणि नाकारायचं असेल तर साधनाचा आकार, वजन, वेग, जागेची रचना, पायी चालणाऱ्यांची गर्दी, सुरक्षितता या गोष्टी तपासायच्या. धोका खराखुरा असला पाहिजे, नुसती शंका चालत नाही. ही रीत आम्हाला पटते. नवरात्रात अंबादेवीच्या गर्दीत बॅटरीची जड तीनचाकी वेगानं नेऊ नये, यात अन्याय नाही. मंगळवारी दुपारी रिकाम्या आवारातही तीच बंदी असेल, तर तिला कारण उरत नाही. आपल्या कायद्याच्या तिसऱ्या कलमातही हेच बीज आहे: उद्दिष्ट रास्त हवं आणि उपाय त्याच्या प्रमाणात हवा.

डिस्नेचा युक्तिवाद आपल्याकडे फार सभ्य रूपात येतो. “तुमचं बाहेर ठेवा, आमची व्हीलचेअर घ्या.” देणाऱ्याच्या मनात चांगुलपणाच असतो. पण ज्याच्या पाठीला ठराविक टेकू लागतो, ज्याला बसण्याची विशिष्ट उंची लागते, त्याला दुसऱ्याची खुर्ची म्हणजे दुसऱ्याचा चष्मा. शिवाय ती खुर्ची कोणीतरी ढकलावी लागते, आणि ढकलणारा कंटाळला की दर्शन संपतं. चाकांना रस्त्याची घाण लागलेली असते हा आक्षेप खोटा नाही. चाकं पुसता येतात.

सगळ्यांत साधं उदाहरण तर चपलेचं आहे. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभं केलं, हे इथे सांगायला नको. कुष्ठरोग बरा झाला तरी पायाची गेलेली संवेदना पुष्कळदा परत येत नाही. अशा माणसाला मऊ रबराच्या, मायक्रोसेल्युलर म्हणतात त्या, चपला सतत वापराव्या लागतात. दगड रुतला तरी कळत नाही, जखम होते, चिघळते, बोटं जातात. आता मे महिन्यात, वऱ्हाडच्या उन्हात तापलेल्या फरशीवर ‘चपला बाहेर काढा’ ही पाटी त्याच्यासाठी काय आहे? त्याची चपल हे त्याचं चालण्याचं साधन आहे, तीनचाकीइतकंच. पण ते कोणाला दिसत नाही, आणि त्याला ते चारचौघांत सांगायचं नसतं, कारण सांगितलं की रोगाचं नाव सांगावं लागतं. यावर उपाय आहे: आत वापरायचा त्याच रबराचा दुसरा, स्वच्छ जोड, आणि कारण न विचारणारा रखवालदार. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड आहे.

एसटीचंही थोडं बोलू. महामंडळ अपंगांना भाड्यात ७५ टक्के सवलत देतं, ही मोठीच गोष्ट आहे. पण सवलत तिकिटात आहे, पायरीत नाही. पायरी सगळ्यांना पूर्ण उंचीची. आणि माणूस चढला तरी तीनचाकी कुठे जाणार? म्हणून बसस्थानकापर्यंत साधन असलेला माणूस उतरल्या गावी बिनसाधनाचा असतो. सवलत घेऊन पोचतो, आणि स्थानकाच्या बाकावर भाचा न्यायला येईपर्यंत बसून राहतो.

देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला, म्हणजे तीनचाकीवरची ती पिढी आता उतरणीला लागली आहे. पण अपघातात मणका गेलेली तरुण पोरं आहेत, पक्षाघात झालेले आमच्या वयाचे लोक आहेत, आणि मुलं पुण्याहून, परदेशातून तऱ्हेतऱ्हेची बॅटरीची साधनं पाठवतात. दारावरचा वाद कमी होणार नाही, वाढणार आहे.

८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१७ च्या नियमांतला पंधरावा नियम कायद्याशी विसंगत ठरवला. सुगम्यतेची मापं नुसती शिफारस असून चालणार नाहीत, बंधनकारक किमान नियम करा, असं सांगून केंद्राला तीन महिन्यांची मुदत दिली. किमान नियम झाले की उतार, दारं, शौचालयं यांवर बोट ठेवता येतं. पण किमान नियमात फळी येणार नाही, हे धरून चाला. फळीसाठी वाजवी सोयीचाच आधार.

म्हणून ज्यांना हे लागू आहे त्यांना दोन गोष्टी सांगतो. आपल्या साधनाची लांबी, रुंदी, वजन आणि वेग एका कागदावर लिहून जवळ ठेवा. ‘हे काय आहे?’ या प्रश्नाला आकड्यांनी उत्तर दिलं की निम्मे वाद दारातच मिटतात. आणि कोणी नाकारलं तर वाद न घालता, कारण लेखी मागा. काय केलं तर चालेल, हेही त्याच अर्जात विचारा, आणि आपल्याला सुचणारा उपाय, म्हणजे आपली ट्यूब, त्यात आपणच लिहा. तरी भागलं नाही तर राज्याचे दिव्यांग आयुक्त पुण्याला आहेत, कायद्याच्या ८० व्या कलमाखाली त्यांच्याकडे तक्रार करता येते, आणि साक्षीदार बोलावण्याबाबत त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. कायद्याच्या भंगाला पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत आणि पुढच्या वेळी पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत दंड आहे.

अर्ज पोस्टानं पाठवता येतो. स्वतः द्यायला जाणार असाल, तर ते कार्यालय कितव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट चालू आहे का, हे आधी फोन करून विचारून घ्या.